जमिनीचा मध्यस्थ अजून कायद्याच्या वेशीबाहेरच

सदनिका विकून देणाऱ्या दलालाला महाराष्ट्रात आता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. २०१६ चा स्थावर संपदा (नियमन व विकास) कायदा १ मे २०१७ पासून पूर्णांशाने अमलात आला आणि 'महारेरा' या प्राधिकरणाकडे दलालांची नोंदणी सक्तीची झाली. व्यक्तीला १० हजार रुपये व संस्थेला १ लाख रुपये असे शुल्क ठरले. नोंदणीची मुदत पाच वर्षांची. जानेवारी २०२३ मध्ये प्राधिकरणाने प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रमाणपत्र यांची अट घातली, आणि ती पूर्ण न करणाऱ्या सुमारे २० हजार दलालांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित केली. ज्या धंद्यात कालपर्यंत ओळखीपाळखी आणि वाक्चातुर्य एवढेच भांडवल पुरत असे, त्या धंद्याला शिस्त लावण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे, यात शंका नाही.

परंतु या शिस्तीची हद्द कोठवर आहे, हे संगमेश्वरसारख्या तालुक्यातून पाहिले म्हणजे स्पष्ट होते. येथील एखाद्या पदवीधर तरुणाने हा व्यवसाय पत्करायचे ठरविले, तर त्याच्या हातून रोज कोणते व्यवहार होतील? देवरुखात किंवा संगमेश्वरच्या बाजारपेठेत काही थोड्या सदनिका असतील. बाकी सारा व्यवहार जमिनीचा. वरकस माळ, आंब्या-काजूची कलमे, नदीकाठची मळेजमीन, महामार्गालगतचा तुकडा. विकणारा बहुधा मुंबईत नोकरीला आणि घेणाराही अनेकदा मुंबई-पुण्याचाच. कायद्यातील नोंदणीची सक्ती मात्र विकासक विकत असलेल्या नोंदणीकृत प्रकल्पातील भूखंड, सदनिका वा इमारत यांच्या दलालीपुरती आहे. अशी दलाली नोंदणीवाचून केल्यास दिवसाला १० हजार रुपये, आणि एकूण त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. एका शेतकऱ्याची जमीन दुसऱ्याला मिळवून देणाऱ्या मध्यस्थाला मात्र ना परीक्षा, ना नोंदणी, ना हा दंड.

वस्तुतः मध्यस्थाच्या ज्ञानाची आणि सचोटीची गरज जेथे सर्वाधिक, तेथेच कायदा थांबला आहे. नोंदणीकृत प्रकल्पाची माहिती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ग्राहकाला घरबसल्या पाहता येते. कोकणातील जमिनीचे तसे नाही. सातबारावर एकाच सामाईक खात्यात दहा-पंधरा नावे असतात. त्यांतील काही निवर्तलेली, काहींचे वारस अद्याप न चढलेले. खोती १९४९ च्या कायद्याने संपली, परंतु खोत आणि कूळ यांच्यातील जुन्या वादांच्या खुणा फेरफारांत आजही सापडतात. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवर शर्ती आहेत आणि शेतकरी नसलेल्याला साधारणतः जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. यावर कडी म्हणजे, सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. आणि दुय्यम निबंधक दस्त नोंदवितो, विक्रेत्याच्या मालकीची हमी देत नाही. मग खरी स्थिती कोणास ठाऊक? बहुधा गावातल्या मध्यस्थालाच.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक महत्त्वाचा विचार मांडला. २००१ साली नोबेल पारितोषिकाने त्याचा गौरव झाला. विकणाऱ्याला मालाचा दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशी स्थिती असली म्हणजे घेणारा सर्वच मालाला कमी किंमत देऊ पाहतो. परिणामी चांगला माल बाजारातून मागे हटतो आणि वाईट तेवढा उरतो. आपल्या जमिनीच्या बाजाराला हे तंतोतंत लागू पडते. निर्वेध जमिनीच्या मालकालाही संशयाची किंमत मोजावी लागते. तीच गत मध्यस्थांची. सहा महिने कागद तपासून व्यवहार नाकारणारा प्रामाणिक तरुण आणि एका सहीवर विसार उचलणारा चतुर गृहस्थ हे गिऱ्हाइकाला सारखेच दिसतात. दोघांचा फरक दाखविणारी खूण बाजारात नसेल, तर प्रामाणिकपणा हा तोट्याचा धंदा ठरतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, फसवणुकीविरुद्ध दिवाणी आणि फौजदारी कायदे आहेतच. आहेत, पण ते नुकसान झाल्यानंतर धावतात, आणि निवृत्तिवेतनाची पुंजी गुंतवून बसलेल्या शिक्षकाला कोर्टाची पायरी वर्षानुवर्षे चढणे परवडत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परवाना आला की चिरीमिरी आली आणि धंद्यात आधीच स्थिरावलेल्यांची मक्तेदारीही आली, असा आपला अनुभव आहे. म्हणूनच संख्येवर मर्यादा घालणारा परवाना नको; कर्तव्ये लादणारी नोंदणी हवी.

अशी नोंदणी तालुका पातळीवर, अल्प शुल्कात होऊ शकेल. सध्याच्या प्रशिक्षणाला सातबारा, फेरफार, वारसनोंद, वाटणी आणि कुळकायदा यांचा अभ्यास जोडावा. दलाली लेखी करारानेच घ्यावी आणि दोन्ही पक्षांकडून घेतली जात असेल, तर ते दोघांनाही कळवावे. सर्व सहहिस्सेदारांची यादी विसारापूर्वी खरेदीदाराच्या हाती द्यावी. नोंदणीकृत प्रकल्पाच्या दलालाने हिशेब ठेवावा, कागदपत्रे ग्राहकाला मिळवून द्यावीत आणि प्रत्येक व्यवहारात आपला नोंदणी क्रमांक नमूद करावा, असे आजचा कायदा सांगतोच. तेच बंधन जमिनीच्या मध्यस्थावर घालण्यात अवघड काही नाही.

नोकऱ्यांची वानवा असलेल्या या जिल्ह्यात गावात राहून करता येण्याजोगा हा एक व्यवसाय आहे. तो प्रतिष्ठेचा व्हायचा की संशयाचा, हे आज केवळ तरुणांच्या स्वभावावर सोडलेले आहे. सदनिका घेणाऱ्याला जे संरक्षण मिळाले, ते वाडवडिलांची जमीन विकणाऱ्याला आणि आयुष्याची शिल्लक देऊन ती घेणाऱ्याला नाकारण्याचे समर्थन कोणत्याही तर्काने करता येणार नाही.