गुणांच्या तक्त्यात आई-बाबा कुठे?

सध्या आमच्या गोराईच्या घरात एकच विषय... कॅनडा! तिथे १९६७ पासून कुशल माणसं गुण देऊन निवडतात. २०१५ मध्ये 'एक्सप्रेस एन्ट्री' आली. वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी-फ्रेंच, सगळ्याला गुण. तिशी लागली की वयाचे गुण घटू लागतात, पंचेचाळिशीला शून्य! नवरा-बायकोत मुख्य अर्जदार कोण, हेही गुण बघूनच ठरवायचं.

पद्धत मला पटते. वशिला लागत नाही, हे काय कमी आहे? पण अर्जात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि २२ वर्षांखालची अविवाहित मुलं. आई-बाबा त्यात नाहीतच. त्यांच्यासाठी सुपर व्हिसा आहे, पण तो पाहुण्यांचाच.

म्हणून माझं मत सरळ आहे. आयेल्ट्सची फी भरण्याआधी आई-बाबांसोबत बसावं. रात्री-अपरात्री दुखलंखुपलं तर कोण धावेल, महिन्याला किती पैसे येतील, आपण वर्षातून किती दिवस येणार... सगळं आकड्यांत बोलावं. "बघू नंतर" हे उत्तर नव्हे. आणि त्यांनी "जाऊ नका" म्हटलं, तर तेही ऐकून घ्यावं.

आम्ही अजून अर्ज केलेला नाही. असो. काका, मावशी, मंडळी, तुम्हाला काय वाटतं?