आकाशातील भाषासमिती

कन्हानच्या मराठी शाळेत शिकलेल्या व्यापाऱ्याच्या मुलाने वैमानिक होण्याचे मनात आणले, की घरात पहिली शंका इंग्रजीची निघते. वस्तुतः तेथे अलंकारिक इंग्रजीला किंमत नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह, ओघ, आकलन व संवाद या 6 अंगांची परीक्षा होते आणि 6 पैकी किमान चौथी श्रेणी लागते. नियंत्रकाने सांगितलेली उंची वैमानिकाने पुन्हा उच्चारून दाखवावयाची असते; दुकानात फोनवरील मागणीचा आकडा उलट वाचून दाखवतात, तसेच. समजले नाही, तर ‘से अगेन’ म्हणावे.

12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी व कझाक विमानांची टक्कर होऊन 349 जीव गेले. कझाक विमानाने 15,000 फुटांवर थांबावयाचे होते. ते त्याखाली उतरले. चौकशीत त्या वैमानिकांचे इंग्रजीचे अपुरे ज्ञानही पुढे आले.

मुनींच्या पाच समितींत भाषासमिती आहे: हितकर, मोजके आणि असंदिग्ध बोलणे. आकाशात तीच जीवरक्षा ठरते. म्हणून मुलाला इंग्रजीचे भय घालू नये. न समजल्यास पुन्हा विचारण्याची लाज मात्र घरातच मोडावी.