घरची बाग : कुंडींतील कुंती

बोन्साय म्हणजे झाडाची उपासमार, हा समज खरा नव्हे. हिरोशिमाच्या यामाकी घराण्यांतील पाइनवृक्ष १६२५ पासून जोपासला जात आहे. १९४५ चा अणुबाँब त्यानें सोसला व १९७६ सालीं तो अमेरिकेस भेट म्हणून गेला. उपाशी झाड इतकें जगेल काय?

आपल्याकडे कुंतीपासून आरंभ करावा. तिचीं पानें बारीक, व छाटणी तिला मानवते. कुंडी उथळ असावी, बुडास भोकें हवींत. दोन-तीन वर्षांनीं पावसाळ्याच्या तोंडीं मुळांचा सुमारें तिसरा हिस्सा छाटून माती बदलावी, म्हणजे नवीं तंतुमुळें फुटतात. मात्र थोडी माती लवकर सुकते. उन्हाळ्यांत एक दिवसहि पाणी चुकतां कामा नये. म्हणून घरांत हें काम कोणा एकाच्याच नांवें असावें. सर्वांचें काम तें कोणाचेंच नव्हे!