यंत्राची सबब

नाशिकच्या रामकुंडावर आजहि एक दृश्य पाहावयास मिळतें. परगांवचा यात्रेकरू येतो, आपलें गांव व कुळ सांगतो, आणि क्षेत्रोपाध्ये नामावळीची वही उघडून त्याच्या पूर्वजांचीं नांवें त्याच्यापुढें ठेवतात. याच शहरांतील एका कचेरींत आम्हांस अगदीं निराळें दृश्य दिसलें. दिंडोरी तालुक्यांतील एका वृद्ध बाईंचें आडनांव सातबाऱ्यावर 'काळे' असें आहे. कचेरीच्या यंत्रांत तें केवळ रोमन अक्षरांत नोंदलेलें. यंत्रानें त्याचें पुन्हां मराठी केलें, तें 'काले' झालें. आणि काळे व काले या एकच व्यक्ति होत असें प्रतिज्ञापत्र आणल्याखेरीज काम होणार नाहीं, असें बाईंना सांगण्यांत आलें. आम्हीं कारण विचारलें. उत्तर आलें, "यंत्राला मराठी येत नाहीं." या उत्तराचा समाचार घेणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रतिपक्षाशीं न्यायानें वागावयाचें तर ही सबब एके काळीं खरी होती, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. 1928 सालीं आयबीएम कंपनीनें 80 रकान्यांचें छिद्रांचें कार्ड काढलें. 1964 सालीं तिनें 'सिस्टिम 360' हें महायंत्र जाहीर केलें, तेव्हां त्याच्या अक्षरांसाठीं एब्सिडिक नांवाची संकेतमाला योजिली. तींत घरें अवघीं 256. आणि कार्डावरील छिद्रांची परंपरा जपल्यामुळें 'आय' व 'जे' या शेजारच्या इंग्रजी अक्षरांमध्येंहि रिकामीं घरें पडलीं. पुढें आलेल्या 3270 जातीच्या टर्मिनलचा नेहमींचा पडदा 24 ओळींचा व 80 रकान्यांचा. एका रकान्यांत एक अक्षर, सर्वांची रुंदी सारखी. अशा जाळींत आमचा रफार आणि आमची वेलांटी बसणार कोठें? 'कीर्ती' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा, पण त्याचे संकेत सहा. शिवाय त्यांतील 'र' उच्चारांत 'त'च्या आधीं, आणि लेखनांत त्याच्या डोक्यावर! ही अडचण खरी होती, व ती कोणाच्या आळसाची नव्हती.

परंतु ती अडचण दूर होऊनहि आतां तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. कानपूरच्या आयआयटींत आरंभ झालेलें काम पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत 'जिस्ट' या नांवानें वाढलें. 1991 सालीं 'इस्की' ही संकेतमाला भारतीय मानक म्हणून मान्य झाली; तिच्या पूर्वार्धांत रोमन अक्षरें जशींच्या तशीं ठेवून उत्तरार्धांत भारतीय लिपींची सोय केलेली होती. त्याच वर्षीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली, व तींत देवनागरीस 128 घरांचा स्वतंत्र वाडा मिळाला. तेव्हां यंत्राला मराठी येत नाहीं, हें विधान आज असत्य आहे. यंत्राला मराठी येतें; यंत्र मांडणाऱ्यानें तिची पर्वा केलेली नाहीं.

बेपर्वाईचीं दोनच उदाहरणें देतों. यूटीएफ-8 या प्रचलित पद्धतींत इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक संकेतास तीन. नांवाचा रकाना इंग्रजीच्या मापानें वीस बाइटांचा ठेवला, तर चोवीस बाइटांचा 'विश्वनाथ' त्यांत मावत नाहीं. 'विश्वन' एवढेंच उरतें व पुढें एक फुटका चौकोन दिसतो. दुसरें उदाहरण 'ऱ्य'चें. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतील भेद ज्यास कळत नाहीं तो गुरूंचें आमंत्रण स्वयंपाक्यास धाडील. युनिकोडमध्यें हा 'ऱ्य' दोन रीतींनीं लिहितां येतो: नुक्त्याच्या 'ऱ'नें, किंवा साध्या 'र'पुढें हलन्तचिन्ह व एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात. परंतु दोहोंस एकरूप करण्याची तजवीज नसेल, तर एका रीतीनें नोंदलेलें नांव दुसऱ्या रीतीनें शोधल्यास सांपडत नाहीं. वारसाची नोंद दप्तरांत असून 'आढळली नाहीं' असा शेरा पडावा, ही गोष्ट लहान नव्हे.

कोणी म्हणतील, याच जिल्ह्यांतील भगूरच्या सावरकरांनीं छपाईच्या सोयीसाठीं लिपींत सुधारणा सुचविल्या. मग तुम्ही एक 'ळ' सोडावयास कां कचरतां? आम्ही उलट विचारतों: खिळ्यांच्या पेट्यांत शेंकडों खिळे जुळवितांना जुळारी खरोखरच मेटाकुटीस येत असे, आजच्या यंत्राचा असा कोणता घाम निघतो? शिवाय ती सुधारणा लोकांपुढें उघडपणें मांडलेली होती, तिच्यावर वाद झाला. येथें मात्र कोणासहि न विचारतां आमचें नांव बदललें जातें.

दुसरे म्हणतात, रोमन आहेच कीं! नाशिकच्याच प्रतिभूति मुद्रणालयांत छापल्या जाणाऱ्या पारपत्रावर नांव रोमन लिपींतच असतें. असूं द्या. परदेशच्या बंदरावर तें योग्यच आहे. पण दिंडोरीच्या बाई नाशिकच्या कचेरींत येतात त्या परदेशीं जात नाहींत. सव्वीस अक्षरांच्या रोमन वर्णमालेंत 'ळ' नाहीं, 'त' आणि 'ट' यांत भेद नाहीं. एकदां त्या चाळणींतून गेलेला 'टिळक' परत येतांना 'तिलक' होऊन येतो, व गाळलेलें कोणतेंहि यंत्र परत आणूं शकत नाहीं.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मूळ नोंद देवनागरींत व्हावी, आणि रोमन नांव तिजवरून, धारकाच्या संमतीनें घ्यावें. नांवाचे रकाने मराठीच्या मापानें आंखावे. 'ऱ्य'चीं दोन्ही रूपें नोंद होतांनाच एक करावीं. आणि कोणतीहि यंत्रयोजना पदरांत घेण्यापूर्वीं काळे, टिळक, विश्वनाथ व कऱ्हाडे हीं चार नांवें तींत घालून, छापून व शोधून पाहावीं. या चाचणीस एक घटकाहि लागणार नाहीं. आपलें नांव आपल्या गांवीं बरोबर लिहिलें जावें, एवढीच त्या बाईंची अपेक्षा होती. रामकुंडावरच्या वहीनें ती पिढ्यान्‌पिढ्या पुरविली आहे. सरकारी-निमसरकारी यंत्रांनीं ती पुरवूं नये, याचें समर्थन आम्हांस तरी कोठें दिसत नाहीं.