तो आमचा ल्युपिन नव्हेच!

गेल्या रविवारी आमच्या घरात एक जोरदार भांडण झालं. म्हणजे भांडण माझं नव्हतं. शेजारचा आमचा नववीतला दोस्त ‘वन पीस’चा सहावा चित्रपट बघून तणतणत आला आणि चपला काढायच्या आधीच म्हणाला, “काका, फसवणूक आहे ही! हा लुफी नाहीच. तोंडावर सावल्यासुद्धा काढलेल्या नाहीत. आणि सगळे एकमेकांशी भांडतात काय, रडतात काय! कोणी केलाय हा सिनेमा?”

आता कोणी केलाय ते सांगायचं, तर गोष्ट फार मागून सुरू करावी लागते. थेट १९६७ पासून. म्हटलं, बस इथे. आणि आज तुम्हीही बसा.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये जपानमधल्या एका साप्ताहिकात एक चित्रकथा सुरू झाली. (जपानीत चित्रकथेला ‘मांगा’ म्हणतात आणि तिकडच्या कार्टूनला ‘ऍनिमे’. तुमच्या आई-बाबांना विचारा, १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी येणारा मोगली कुठला होता म्हणून. तो जपानीच!) तर ती चित्रकथा म्हणजे ‘ल्युपिन द थर्ड’. चित्रकार काझुहिको कातो, पण त्यांनी टोपणनाव घेतलं होतं मंकी पंच. मॉरिस लब्लां या फ्रेंच लेखकाचा आर्सेन ल्युपाँ हा सभ्य चोर तुमच्यापैकी काहींनी वाचला असेल. त्या चोराचा हा जपानी नातू. सोबतीला नेमबाज जिगेन, तलवारबहाद्दर गोएमोन, कधी मैत्रीण तर कधी वैरीण अशी फुजिको आणि मागे कायम हात धुऊन लागलेले इन्स्पेक्टर झेनिगाता.

पण एक सांगून ठेवतो. ते साप्ताहिक काही तुमच्यासारख्यांसाठी नव्हतं, मोठ्यांसाठी होतं. मंकी पंच यांना अमेरिकेतलं ‘मॅड’ मासिक आवडायचं आणि जेम्स बाँडही. त्यामुळे त्यांचा ल्युपिन लबाड, बायकांच्या मागे लागणारा, वेळ पडली तर निर्दय. असा माणूस तुम्हाला शेजारी चालेल का? मुळीच नाही. पण वाचायला मजा यायची.

१९७१ च्या ऑक्टोबरात तो टीव्हीवर आला. दिग्दर्शक मासाआकी ओसुमी यांनी मूळ चित्रकथेचा तोच मोठ्यांचा बाज ठेवला. झालं काय, तर प्रेक्षक फिरकलेच नाहीत. गोष्टी जरा सौम्य करा, असा लकडा सुरू झाला, ओसुमींनी ऐकलं नाही आणि मधेच त्यांच्या हातून मालिका काढून घेण्यात आली. मग ती दोन तरुणांकडे आली. इसाओ ताकाहाता आणि हायाओ मियाझाकी. हो हो, तेच ‘तोतोरो’वाले मियाझाकी! पण तेव्हा त्यांना कोण ओळखत होतं? श्रेयनामावलीत दोघांची नावंसुद्धा आली नाहीत, नुसतं कंपनीच्या दिग्दर्शन गटाचं नाव.

मियाझाकींना श्रीमंत घराण्यातला, सगळ्याचा कंटाळा आलेला चोर पटेना. ल्युपिनच्या बुडाखाली मर्सिडीजची जुनी शाही गाडी होती. तिच्या जागी पुढे आली पिटुकली फियाट ५००. ही फियाट कुठून आली माहीत आहे? चित्रकार यासुओ ओत्सुका यांची स्वतःची गाडी फियाट ५०० होती, तीच उचलून कार्टूनमध्ये घातली! आता बघा, गाडी बदलली की माणूसही बदलतो. मर्सिडीजवाला चोर ऐटीत निघून जातो. फियाटवाल्याला गाडी ढकलावी लागते, टायर बदलावं लागतं, खिशात किती सुटे आहेत ते बघावं लागतं.

मालिका २३ भागांतच गुंडाळली गेली. पण पुनःप्रक्षेपणात ती लोकांना अशी आवडली की १९७७ मध्ये दुसरी मालिका आली. पुढच्या वर्षी पहिला चित्रपट आला आणि चांगला चालला. मग दुसऱ्या चित्रपटासाठी बोलावणं गेलं ते मियाझाकींना. मोठ्या पडद्यासाठी दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा पहिलाच चित्रपट. ‘द कॅसल ऑफ कॅग्लिओस्त्रो’, १५ डिसेंबर १९७९. फार वेळ मिळाला नव्हता, काही महिन्यांत सगळं काम उरकायचं होतं.

सुरुवात झकास आहे. ल्युपिन आणि जिगेन माँटे कार्लोचा कॅसिनो लुटून फियाटमधून पळतात. गाडी नोटांनी गळ्यापर्यंत भरलेली. आणि ल्युपिनच्या लक्षात येतं, सगळ्या नोटा बनावट! दोघं लाखोंच्या नोटा धावत्या गाडीतून उधळून देतात. त्या बनावट नोटांचा माग काढत दोघं पोचतात कॅग्लिओस्त्रो नावाच्या चिमुकल्या देशात. तिथे नवरीच्या वेशातली क्लॅरिस नावाची मुलगी एका बुटक्या सित्रोएन गाडीतून पळत असते. (ती सित्रोएन म्हणजे मियाझाकींच्या स्वतःच्या गाडीचं मॉडेल. एकूण काय, या सिनेमात सगळ्यांनी आपापल्या गाड्या आणून लावल्या होत्या.) तिच्यामागे काउंटचे गुंड, गुंडांमागे ल्युपिनची फियाट. आणि ती फियाट रस्ता सोडून सरळ डोंगराच्या कडेवर चढते! हा पाठलाग एकदा बघाच. मी तीनदा मागे घेऊन बघितला.

पण मला त्याहून आवडतो तो छपरावरचा प्रसंग. क्लॅरिसला उंच मनोऱ्यात कोंडलेलं आहे. ल्युपिन समोरच्या छपरावर बसून दोर बांधलेला छोटा अग्निबाण पेटवायला जातो. तो बाण हातातून निसटतो आणि उतरत्या कौलांवरून घरंगळत जातो. ल्युपिन त्याला पकडायला धावतो, वेग वाढत जातो, थांबता येत नाही. मग काय करणार? मारतो उडी! एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर. ठरवलेली युक्ती फसली म्हणून घडलेला पराक्रम. मग आत जाऊन क्लॅरिससमोर तो काय करतो? जादूने एक गुलाब काढतो आणि त्यातून इवल्या-इवल्या पताकांची माळ.

इथेच मंकी पंच यांचा ल्युपिन आणि हा ल्युपिन यांची फारकत होते. हा ल्युपिन क्लॅरिसला सोडवायला आला आहे, कारण दहा वर्षांपूर्वी तो जखमी होऊन पडला होता तेव्हा त्या चिमुरडीने त्याला पाणी पाजलं होतं. शेवटी ती म्हणते, मलाही घेऊन चल. तिला जवळ घ्यायला त्याचे हात उचलतात, थरथरतात आणि तसेच मागे येतात. चोर रिकाम्या हाताने जातो. झेनिगातासाहेब मात्र म्हणतात की जाता-जाता त्याने एक मौल्यवान वस्तू चोरलीच. कुठली, ते सिनेमात बघा.

आता तुम्हीच सांगा, हा ल्युपिन आहे का?

मंकी पंच यांनी यावर फार सरळ उत्तर दिलं होतं. सिनेमा उत्तमच आहे, पण हा माझा ल्युपिन नाही, माझा इतका प्रेमळ नसता, असं त्यांचं म्हणणं. मला हे उत्तर फार आवडतं. चिडचिड नाही, खोटं कौतुकही नाही. तिकिटखिडकीवर मात्र सिनेमा पहिल्यापेक्षा मागेच पडला. पुढे टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवला गेला तेव्हा कुठे लोकांनी तो डोक्यावर घेतला. आणि मग उलटीच गंमत झाली. नव्या पिढीला वाटायला लागलं की प्रेमळ ल्युपिन हाच खरा, चित्रकथेतला कोणी भलताच! ज्याने ल्युपिन जन्माला घातला त्याचाच ल्युपिन परका ठरला. मंकी पंच २०१९ मध्ये वारले.

मियाझाकी तरी कुठे साधे? १९८० मध्ये दुसरी मालिका संपली तेव्हा १५५ वा, म्हणजे अगदी शेवटचा भाग त्यांनीच केला, तोही टोपणनावाने. त्यात चोऱ्या करत फिरणारा ल्युपिन तोतया निघतो. खरा ल्युपिन इन्स्पेक्टर झेनिगाताच्या वेशात वावरत असतो! तीन वर्षं तुम्ही बघितलात तो ल्युपिन खोटाच होता, असा टोमणा त्यात अनेकांना दिसला. मला विचाराल तर हे जरा अतीच झालं. बाकीच्या मंडळींनी इतके भाग राबून काढले होते हो!

“मग कोणी असंच मियाझाकींना केलं असतं तर?” आमच्या दोस्ताने बरोबर पकडलं.

तसंही झालं. मामोरु ओशिई नावाचे एक दिग्दर्शक रुमिको ताकाहाशी यांच्या ‘उरुसेई यात्सुरा’ या धमाल विनोदी मालिकेवर काम करत होते. १९८४ च्या फेब्रुवारीत त्यांनी तिचा दुसरा चित्रपट केला, ‘ब्यूटिफुल ड्रीमर’. शाळेच्या जत्रेचा आदला दिवस. सगळे रात्रभर तयारी करतात आणि उजाडतो तो पुन्हा आदलाच दिवस! हळूहळू गावातली माणसं नाहीशी होतात आणि विमानातून बघावं तर अख्खं गाव एका अजस्र कासवाच्या पाठीवर. विनोदी मालिकेचे चाहते चक्रावले. ताकाहाशींनाही तो फारसा रुचला नाही, असं सांगतात. आज मात्र जपानच्या नावाजलेल्या ऍनिमेंत त्याची गणना होते.

त्यानंतर ल्युपिनचा तिसरा चित्रपट करायचा होता. मियाझाकींनी ओशिईंचं नाव सुचवलं. ओशिईंनी कथा काय आणली माहीत आहे? ल्युपिन नावाचा माणूस कधी नव्हताच! ती नुसती कल्पना होती. निर्माते म्हणाले, नमस्कार! काम दुसऱ्यांना गेलं, चित्रपट १९८५ मध्ये आला. ओशिईंनी उरलेल्या कल्पनांतल्या काही ‘एंजल्स एग’ या आपल्या चित्रपटात वापरल्या. मला तरी निर्मात्यांची बाजू पटते. ल्युपिनला प्रेमळ करा, कंगाल करा, पण नाहीच म्हणता? मग तिकीट काढून आलेल्या पोरांनी काय बघायचं?

आता येऊ या तुमच्या लुफीकडे. एइचिरो ओदांची ‘वन पीस’ १९९७ मध्ये चित्रकथा म्हणून सुरू झाली आणि १९९९ मध्ये टीव्हीवर आली. सहावा चित्रपट मार्च २००५ चा. दिग्दर्शक मामोरु होसोदा. (हे दुसरे मामोरु बरं का, गल्लत नको.) माणसांच्या अंगावर सावल्या टाकायच्या नाहीत ही होसोदांची आवडती पद्धत, म्हणून लुफीचं तोंड सपाट. पण त्याआधीची हकीकत ऐका. होसोदांना मियाझाकींच्याच स्टुडिओ घिबलीने ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ करायला बोलावलं होतं. काम अर्धवट थांबलं, होसोदा बाहेर पडले आणि तो सिनेमा शेवटी मियाझाकींनी २००४ मध्ये पुरा केला. परत आल्यावर होसोदांच्या हाती पडली लुफीची टोळी. त्यांनी दाखवला असा कप्तान, ज्याचे सोबती एकेक करून दुरावतात, आणि समोर असा बॅरन, ज्याने आपले सोबती कधीच गमावलेत. त्या काळातल्या अनुभवाची छाया यात आहे, हे होसोदांनी पुढे मुलाखतींत सांगितलं.

दोस्त थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “ते ठीक आहे काका. पण त्यांचं घिबलीशी बिनसलं, त्यात लुफीचा काय दोष?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्याच वर्षी सातवा चित्रपट आला, तो दुसऱ्या दिग्दर्शकाचा. २००६ मध्येच होसोदांनी ‘द गर्ल हू लेप्ट थ्रू टाइम’ केला. त्यात कोणाचा लुफी नव्हता की ल्युपिन. सावल्या मात्र तिथेही नाहीत. दोस्ताला तो दिला आहे बघायला. अजून परत आलेला नाही.