रिंगणात जागा

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस आधी दात पाहतो, मग अंगावरचे भोवरे पाहतो आणि शेवटी चाल पाहतो. दात आणि भोवरे एकट्याने पाहता येतात. चाल पाहायला मात्र माणसे जमतात. ढोलाच्या ठेक्यावर पाय उचलणारे जनावर उभे राहिले की भोवती रिंगण धरले जाते, आणि त्या रिंगणात गिऱ्हाइकांइतकेच इतर घोडेवालेही असतात. लगाम कोठे सैल सोडला, इशारा कसा दिला, हे ते टक लावून पाहतात. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडील अशी जनावरे आणि त्यांना शिकवणारी माणसे मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास एकमुखी दत्ताच्या यात्रेनिमित्त तापीकाठी एकत्र येतात. घोड्यांच्या नाचाची ही पाठशाळाच म्हणावी, आणि तिला ना गुरू ना फी.

हा विषय मनात आला तो माझ्या नातीमुळे. ती पुण्यात ‘हाऊस’ नावाचे नृत्य शिकते. नाव ऐकून तिच्या आजीला ते घरगुती नृत्य वाटले व तिने समाधान व्यक्त केले. मी मात्र सवयीप्रमाणे खातेउतारा तपासावा तसा त्याचा इतिहास तपासला.

१९७७ साली शिकागो शहरात ‘वेअरहाऊस’ नावाचा क्लब सुरू झाला. तेथे फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवीत. येणारी मंडळी बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाची तरुण मुले, त्यांत समलिंगी पुष्कळ. म्हणजे ज्यांचे इतरत्र फारसे स्वागत होत नसे अशी. त्या क्लबच्या नावातील शेवटचा शब्द संगीताला चिकटला, असे सामान्यतः मानले जाते. नाचाची पावले मात्र न्यूयॉर्कमध्ये अधिक घडली. तेथे डेव्हिड मॅनक्युसो हे गृहस्थ १९७० पासून आपल्या राहत्या जागेत निमंत्रितांना नाचासाठी बोलावीत. त्या जागेला ‘लॉफ्ट’ म्हणत. आपल्या वाचकांना ऐकून बरे वाटेल, की तेथे मद्यविक्री नव्हती. फळे, रस आणि सुका मेवा असे. पुढे परवान्यावरून शहराच्या अधिकाऱ्यांशी वाद झाला, तेव्हा येथे खाणेपिणे विकलेच जात नाही, हाच मुद्दा त्यांच्या कामी आला. व्यापारी माणसाने हे प्रकरण अवश्य लक्षात ठेवावे.

या नृत्यात छातीपासून कमरेपर्यंत लाट उठावी तशी हालचाल असते, पायांची अतिशय जलद कारागिरी असते आणि जमिनीलगत घसरत-वळत जाण्याचा एक प्रकार असतो. त्याला ‘लॉफ्टिंग’ असेच नाव आहे. टॅप, आफ्रिकी नृत्ये, साल्सा, ब्राझीलची कापोएरा अशा अनेक ठिकाणांहून यात उसनवारी झाली आणि ती कोणी लपवलीही नाही. ‘पॅराडाइज गराज’ हा न्यूयॉर्कचा प्रसिद्ध क्लब १९८७ साली बंद पडला. पेढी बंद झाली, पण व्यवहार थांबला नाही. १९९६ पासून त्याच शहरात ‘बॉडी अँड सोल’ नावाने रविवारी दुपारी नाच होऊ लागला. न्यूयॉर्कचे नर्तक जपानात आणि युरोपात शिकवू लागले. पॅरिसमध्ये २००२ साली सुरू झालेल्या ‘जुस्त दबू’ या स्पर्धेत हाऊसला स्वतंत्र विभाग मिळाला, आणि देशोदेशीची मुले त्यात उतरू लागली.

पण स्पर्धेमुळे नृत्य वाढले, असे म्हणणे मला पटत नाही. स्पर्धेने नाव होते. शिकणे होते ते रिंगणात. हे लोक त्याला ‘सायफर’ म्हणतात. गोल करून उभे राहायचे, एकाने मध्ये यायचे, नाचायचे, बाहेर पडायचे, की पुढचा. ज्याला काहीच येत नाही त्यालाही वेळ येते, आणि त्याच्या शेजारी उभा असलेला तयारीचा नर्तक टाळ्या देतो. नवख्याला जागा मिळाली की पुढच्या वर्षी तोच दुसऱ्या नवख्याला घेऊन येतो. चक्रवाढ यालाच म्हणतात.

हे समजायला आपल्याला शिकागोला जायला नको. आपल्याच जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातील काठीची होळी पाहावी. मोरपिसांचे उंच टोप घातलेले, कमरेला घुंगरे आणि वाळलेले भोपळे बांधलेले, अंगावर नक्षी काढलेले बुध्ये रात्रभर ढोलावर नाचतात. त्यासाठी ते आधी काही दिवस व्रत पाळतात. सातपुड्यातील सगळ्या गावांची होळी एकाच दिवशी नसते. त्यामुळे एका गावचे नाचणारे दुसऱ्या गावच्या होळीला जातात, पावले पाहतात, पावले दाखवतात. हाटाचे वार वेगवेगळे का ठेवले जातात, हे आपल्या लोकांना सांगायला नको. नाचालाही तोच हिशेब लागू पडतो. होळीच्या आधीचे भोंगऱ्या बाजार आपल्या दुकानदारांना गूळ, डाळ्या, खजूर यांच्या खपामुळे ठाऊक असतात. त्या ढोलाकडे मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी गल्ल्यामागूनच पाहिले.

यात्रांना अलीकडे मोठे मंच, ध्वनिक्षेपक, समोर खुर्च्यांच्या रांगा आणि मध्ये बांबूचे कठडे आले आहेत. पाहुणे येतात, व्यापारही वाढतो. मला त्यात वावगे काही दिसत नाही. परंतु कठड्याच्या अलीकडचा मुलगा फक्त प्रेक्षक होतो. आपल्या गावांतील गरब्याचेही तसेच झाले. पूर्वी गल्लीतली सहा वर्षांची मुलगी मोठ्यांच्या मागे लागून दोन टाळ्या, तीन टाळ्या शिकत असे. आता पास असतो, पोशाखाचे बक्षीस असते, आणि पावले आधी मोबाइलवर पाठ करून यावी लागतात. २०२३ साली युनेस्कोने गरब्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. ती सहा वर्षांची मुलगी कोठे उभी राहते, याची चौकशी आपणच करायची आहे.

माझ्या नातीचा गट एका इमारतीच्या पार्किंगमध्ये सराव करतो. रहिवाशांनी हटकले की दुसरे पार्किंग शोधतो. इकडे आमच्या गावचे मंगल कार्यालय लग्नसराई सोडली तर रविवारी दुपारी कुलूपबंद असते. गुळगुळीत फरशी आहे, पंखे आहेत, पिण्याचे पाणी आहे. आठवड्यातून दोन तास ते गावातील मुलामुलींना नाचासाठी, कोणत्याही नाचासाठी, मोफत द्यावे, असे मी एका विश्वस्तांना सुचवले.

“साहेब, वीजबिलाचे काही नाही,” ते म्हणाले, “पण मुली नाचू लागल्या तर लोक काय म्हणतील?”

“शेठ, लग्नाच्या आदल्या रात्री त्याच मुली त्याच फरशीवर नाचतात, तेव्हा लोक काय म्हणतात?”

“ते वेगळे.”

वेगळे कसे, हे त्यांना सांगता आले नाही. ते मोकळेपणाने हसले. विषय विश्वस्त मंडळापुढे ठेवतो, असे त्यांनी कबूल केले आहे. बैठक पर्युषणानंतर आहे.