एकोणपन्नास म्हणजे चार की पाच?

आमच्या एनएसएसच्या संध्याकाळच्या वर्गात मेसमधल्या मावशींचा नातू येतो. दुसरीत आहे. ‘एकोणपन्नास’ म्हटलं की हमखास ५९ लिहितो. एका सीनिअरने लगेच निकाल दिला, “ढ आहे रे!”

माझं मत अगदी उलटं आहे. पन्नास ऐकलं म्हणून त्याने ५ लिहिला. एकोणतीस, एकोणचाळीस यांच्या शेवटी ९ असतो हे त्याने हेरलंय, म्हणून पुढे ९. बिनचूक तर्क! घोळ आहे तो नावात. एकवीस म्हणताना तोंडात एक आधी, लिहिताना दोन आधी. आणि एकोणपन्नास म्हणजे तर चक्क वजाबाकी.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! विधानसभेत कोट्या, टीव्हीवर ‘मराठी बुडाली’. एकवीस काढलेलं नाही, सोबत दुसरी रीत दिली आहे, असं मंगला नारळीकर सांगत होत्या. पण ऐकतो कोण? माझा हैदराबादचा रूम पार्टनर लहानपणापासून ‘इरवै ओकटी’ म्हणजे वीस एकच म्हणत आलाय. त्याची तेलुगू काही बुडाली नाही.

मुद्दा वयाचा आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेचा प्रयोग मेसमध्येच करून बघा. पसरट वाटीतलं पाणी मुलासमोर उंच ग्लासात ओता. पाच वर्षांचं मूल बहुधा म्हणेल, पाणी वाढलं. कितीही समजावा, पटत नाही. सात-आठच्या सुमारास आपसूक कळायला लागतं, तेही वस्तू समोर असेल तर. अशा वयात ‘दशक स्थान, एकक स्थान’ ही व्याख्या फळ्यावर लिहून काय होणार? डायोड न बघता समीकरण पाठ करून ओरलला गेलेल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडी चालवली, तेव्हा मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, बिया, काड्या, जे आसपास मिळेल त्यातून मुलं मोजायला शिकली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली. आपल्याकडे मात्र स्वयंसेवक येतो तो वर्षाचे १२० तास भरायला, आणि पहिल्याच दिवशी पाढ्यांचा तक्ता टांगतो. पाचवीतल्याला तो चालेल. आठवीतल्याला ‘असं का?’ विचारू द्या, तो वाद घालेल आणि घालावाच. पण दुसरीतल्याच्या हातात आधी काहीतरी हवं.

आता काही जण म्हणतात, एका आकड्याला दोन नावं म्हणजे पोरांवर दुप्पट ओझं. आक्षेप अगदीच फोल नाही. ‘एकोणपन्नास’ शिकवायला हवंच, दुकानदार काही ‘चाळीस नऊ रुपये’ मागणार नाही. पण दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि नऊ सुट्ट्या समोर ठेवल्या, मुलाने स्वतः ‘चाळीस नऊ’ म्हटलं, मग गठ्ठ्यांशेजारी ४ आणि सुट्ट्यांशेजारी ९ लिहिला, की ‘यालाच एकोणपन्नास म्हणतात’ हे सांगायला कितीसा वेळ लागतो? माझ्या मते ओझं नावांचं नसतं, क्रम चुकल्याचं असतं.

तर मित्रहो, मेसच्या दाराशी एक डबा ठेवलाय. आइस्क्रीमच्या काड्या धुऊन त्यात टाका. सध्या साठच्या आसपास जमल्यात, मुलं अकरा आहेत. रबरबँडही लागतील, सबमिशन झालेल्या ड्रॉइंग शीट्सचे चालतील.